पहिल्या घोटाची चौकशी

प्रणालीच्या ओटीभरणाला रामाकोन्यातल्या पंचवीसेक बाया आल्या, आणि जाताना जवळजवळ प्रत्येक जण एकेक सल्ला ठेवून गेली.

"पहिले तीन दिवस पाजू नको हं. पिवळं पिवळं येते ते. पिळून टाकून द्याचं."

"आधी मधाचं बोट. त्यानं जीभ गोड होते लेकराची."

"अन संत्रं बिलकुल बंद! तू खाल्लं का लेकराले सर्दी धरलीच समज."

शेवटच्या सल्ल्यावर प्रणालीचा चेहरा पडला. नोव्हेंबर सरत आला होता, घराच्या मागे बगीच्यात तोडा सुरू होता, अंगणात संत्र्यांचे ढीग लागले होते आणि गेले दोन महिने तिला दुसरं काही गोडच लागत नव्हतं. पण तिची सासू अंबाबाई मान हलवून म्हणाल्या, "खरं आहे. उद्यापासून बंद." अंबाबाईंचा शब्द म्हणजे झालं. गल्लीत कुणाचंही बाळंतपण असो, पहिलं बोलावणं त्यांना. तेल लावायचं, शेक द्यायचा, घुटी उगाळायची, सगळं त्या निगुतीनं करायच्या आणि गावात त्यांच्या हाताला मान होता.

प्रणाली पांढुर्ण्याची. सहाव्या महिन्यापर्यंत ती सौंसरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होती. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून सासरीच करायचं ठरलं. बाया गेल्यावर ती खोलीत येऊन बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, मी पोरांना सांगते, कुणी काही सांगितलं का आधी विचारा, कशावरून? अन इथं मला एकीलाही विचारता आलं नाही."

भूपेंद्र दिवसभर बगीच्यात राबणारा, बोलायला साधा माणूस. तो म्हणाला, "मंग आपण विचारू. कोणाले विचाराचं ते सांग."

तेच तर दोघांनाही ठाऊक नव्हतं. मग सुरुवात मोबाईलपासून झाली. जेवणं झाली की दोघं शेजारी बसून व्हिडिओ पाहू लागले. एक बाई म्हणे दर दोन तासांनी घड्याळ लावून पाजा. दुसरी म्हणे घड्याळ फेकून द्या. एक दाढीवाला गृहस्थ फार आत्मविश्वासानं सांगत होता की दहातल्या आठ आयांना दूध पुरतच नाही. भूपेंद्र घाबरला.

"आठ? मंग आपलं कसं होईन?"

तेवढ्यात त्या गृहस्थानं टेबलाखालून एक डबा काढला. दूध वाढवणारी पावडर, आजच मागवली तर अर्ध्या किमतीत. भूपेंद्रचं बोट बटणाकडे गेलंसुद्धा. प्रणालीनं त्याचा हात धरला.

"थांबा. हा माणूस कोण आहे?"

"डॉक्टर असन."

"कुठं लिहिलंय?"

भूपेंद्रनं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून पाहिला. कुठंच लिहिलेलं नव्हतं. प्रणालीनं शाळेची जुनी वही काढली आणि मागच्या पानावर लिहिलं: सांगणारा कोण? तो काही विकतो का? त्यानं आया आणि बाळं जवळून पाहिली आहेत का? हे तीन प्रश्न लावले तेव्हा पाहिलेल्या चौदा व्हिडिओंपैकी दोनच उरले. त्याखाली तिनं आपले प्रश्न लिहिले. पिवळं दूध टाकायचं का? मध द्यायचा का? दूध पुरतंय हे कळायचं कसं? आणि सगळ्यात खाली, जरा लाजत, संत्रं.

दुसऱ्या दिवशी भूपेंद्र संत्र्याच्या गाडीबरोबर सौंसरला गेला, तेव्हा ती वही त्याच्या पिशवीत होती. व्यापाऱ्याचं काम आटोपून तो सरकारी दवाखान्यात गेला. प्रसूती विभागाच्या दारात मात्र त्याचे पाय अडले. आत सगळ्या बाया. तो वही छातीशी धरून भिंतीला टेकून उभा राहिला. अर्ध्या तासानं पांढऱ्या कोटातल्या, चष्मा लावलेल्या एक सिस्टर बाहेर आल्या.

"कोणाचे नातेवाईक?"

"कोणाचा नाही, सिस्टर. म्हणजे अजून झालं नाही. जानेवारीत होईन." त्यानं वही पुढं केली. "माह्या घरवालीनं हे विचारलं आहे."

जयश्री सिस्टर मोहगावच्या. तेवीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. त्यांनी उभ्या उभ्या पान वाचलं, मग पुन्हा वाचलं आणि त्यांना हसू फुटलं.

"तुमच्या मिसेसनं लिहिलं हे? हे वरचे तीन प्रश्न? लई छान आहे." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कार्ड मिळालं नं तुम्हाला? आई-बाळाचं, जच्चा-बच्चा कार्ड?"

"हो, सोनोग्राफीच्या पिशवीत आहे."

"त्याची मागची पानं कोणी वाचली का?"

भूपेंद्रनं नकारार्थी मान हलवली. कार्डावर वजन अन सुयांच्या तारखा लिहितात एवढंच त्याला माहीत होतं.

"तुमच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तिथंच आहेत. बाकीची मी सांगते. पण एकट्याले नाही सांगणार." सिस्टर म्हणाल्या. "दर मंगळवारी दुपारी इथं व्हरांड्यात आम्ही सगळ्या गरोदर बायांना बसवतो. मिसेसला आणा. तुम्ही या. अन घरी बाळाला पहिले हातात कोण घेणार?"

"माय."

"मग मायला आणा. बाळंतिणीला कितीही समजावलं, अन मायला पटलं नाही, तर घरी जाऊन काय उपयोग?"

घरी येऊन भूपेंद्रनं कार्डाची मागची पानं वाचून काढली, मोठ्या उत्साहानं आईला मंगळवारचं सांगितलं, आणि नेमकं जे म्हणायला नको होतं ते म्हणून बसला. "माय, ते तीन दिवसाचं चुकीचं आहे म्हणे. कार्डावर छापेल आहे."

अंबाबाईंच्या हातातली परडी तिथंच थांबली. "मी चुकीची? चाळीस बाळंतपणं केली मी या गल्लीत. अन आता कार्ड शिकवन मले?"

त्या दोन दिवस लेकाशी बोलल्या नाहीत. भूपेंद्रचे वडील रघुनाथराव मुळात कमीच बोलणारे, ते लेकाच्या ताटाजवळून जाताना एवढंच म्हणाले, "बैलाले शिंगाकडून धरत नसते, बापू."

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रणाली स्वयंपाकघरात अंबाबाईंच्या शेजारी जाऊन बसली. तिनं कार्डाचं नाव काढलं नाही.

"आई, मला भीती वाटून राहिली," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. "इतक्या जणी इतकं सांगून गेल्या. मंगळवारी मी सौंसरला ऐकायला जाते, पण एकटीनं ऐकून मला काय समजणार? बाळ तर तुमच्याच हातात येणार पहिले. तुम्ही सोबत असल्या तर धीर येईल."

अंबाबाईंनी भाकरी उलटली. 

"येईन," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मी बोलणार नाही. अन पटलं नाही तर उठून येईन."

मंगळवारी व्हरांड्यात सतरंजीवर पंधरा-सोळा बाया बसल्या होत्या. पुरुष दोनच, भूपेंद्र आणि लोधीखेड्याचा एक प्रवीण नावाचा ड्रायव्हर. दोघं एकमेकांना चिकटून अगदी मागं बसले. जयश्री सिस्टरांनी पिशवीतून कापडाची बाहुली काढली, आणि मग कापडाचाच शिवलेला एक स्तन काढला. बायांमध्ये हशा पिकला. अंबाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण पदरामागे त्यांचे खांदे हलत होते. प्रवीण छताकडे पाहू लागला.

"हसा, हसा," सिस्टर म्हणाल्या. "पण पाहा. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलं पाहिजे. मान वाकडी नको. घाई नको. बाळानं जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडलं, का मग जवळ घ्यायचं. नुसतं टोक नाही, खालचा हा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. नुसतं टोक चोखलं तर आईला दुखते, अन बाळ उपाशी."

मग त्या पिवळ्या दुधावर आल्या. जन्मल्यावर पहिल्या तासातच बाळाला छातीशी लावायचं. पहिल्या दिवशी त्याच्या पोटात मावतंच किती, चमचाभर. तेवढं येतं आणि तेवढंच पुरतं. त्यात आजाराशी लढायची ताकद असते. मध नाही, घुटी नाही, साखरेचं पाणी नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, भर उन्हाळ्यातही वरून पाणी नाही, कारण त्या दुधातच पाणी असतं.

अंबाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. न बोलायचं ठरवून आलेल्या त्या एकदम म्हणाल्या, "गाईच्या वासराले तं आपण पहिलं चिकाचंच दूध पाजतो. नाही पाजलं तं वासरू जीव धरत नाही."

"बघा!" सिस्टर म्हणाल्या. "तुम्हाला तर माझ्याआधी माहीत आहे."

अंबाबाई हसल्या नाहीत.  त्यांनी इतक्या हळू आवाजात विचारलं, की ऐकायला पुढच्या बाईला मागं वळावं लागलं. "मंग... तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडावानी काहून होते, सिस्टर? ताप भरते, हात लावू देत नाही..."

"कोणाची झाली होती?"

"माही."

 भूपेंद्रनं आईकडे पाहिलं. ही गोष्ट त्यानं कधी ऐकली नव्हती.

अंबाबाई सांगू लागल्या. मोठ्या मुलीच्या वेळी सासूनं तीन दिवस जवळ घेऊ दिलं नव्हतं. साखरेचं पाणी पाजलं. चौथ्या दिवशी पोर छातीला लागेना आणि छाती दगडासारखी. सगळ्या म्हणाल्या, हिचं दूधच खराब, जड आहे. मग शेळीच्या दुधावर वाढवली. भूपेंद्रच्या वेळीही तेच. "पस्तीस वर्षं झाली. मी सगळ्यांच्या लेकरांले घुटी दिली, तेल लावलं. पण कोणाच्या अंगावरच्या लेकराकडं पाहिलं का मनात येये, माह्याच दुधात काहीतरी खोट होती."

जयश्री सिस्टर बाहुली बाजूला ठेवून त्यांच्यासमोर खाली बसल्या.

"काकू, दूध खराब नव्हतं. ते भरपूर होतं. म्हणून तर छाती दाटली. बाळ ओढेल तेव्हा दूध मोकळं होते. तुमचं अडवून ठेवलं होतं. तुमची काहीच चूक नव्हती."

अंबाबाईंनी डोळे पुसले. नाक ओढलं. मग इतक्या वर्षांचं काहीतरी खांद्यावरून खाली ठेवल्यासारखा मोठा श्वास सोडला. शेजारच्या बाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. प्रणालीनं त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला, आणि तो पुढं तासभर तिथंच राहिला.

शेवटी सिस्टरांनी वहीतला उरलेला प्रश्न मोठ्यानं वाचला. "संत्रं खाऊ नये का? हे कोणाच्या घरचं?"

"आमच्या," अंबाबाई म्हणाल्या.

"घरी काय पिकवता?"

"संत्रं."

सगळा व्हरांडा हसला. अंबाबाईही हसल्या, डोळे अजून ओले होते तरी. "आईनं सगळं खायचं," सिस्टर म्हणाल्या. "भाजी, डाळ, भाकरी, फळं, संत्रंही. आई उपाशी राहिली तर बाळाच्या वाट्याला काय येणार?" त्याच संध्याकाळी अंबाबाईंनी सुनेच्या पुढ्यात संत्र्यांची पाटी ठेवली आणि जवळ बसून स्वतः सोलून दिली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी आठाच्या सुमाराला, सौंसरलाच प्रणालीला मुलगी झाली. जयश्री सिस्टर ड्यूटीवर होत्या. त्यांनी बाळ पुसून तसंच प्रणालीच्या छातीवर ठेवलं, वरून गरम कापड टाकलं. ते चिमुकलं डोकं इकडं तिकडं हुंगत, धडपडत सरकू लागलं. अंबाबाई उशाशी उभ्या होत्या. पोरीनं तोंड उघडलं, चुकली, पुन्हा उघडलं, आणि लागली.

"लागली!" अंबाबाई इतक्या जोरात ओरडल्या, की बाहेर बाकावर बसलेले रघुनाथराव उभे राहिले.

दोन दिवसांनी सगळे घरी आले. आणि तिसरा दिवस अवघड गेला. पोर सकाळपासून रडत होती. पाजलं की पाच मिनिटं शांत, मग पुन्हा रडणं. प्रणालीला इतकं दुखत होतं, की बाळ जवळ आणलं तरी ती दात आवळायची. त्याच दुपारी पांढुर्ण्याहून तिची गायत्री मावशी आली. प्रेमळ बाई, आल्या आल्या भाचीचं सुकलेलं तोंड बघून तिचेच डोळे भरले. तिनं पिशवीतून डिंकाचे लाडू काढले, आणि खालून दुधाच्या पावडरीचा एक मोठा डबा.

"हे घे, बाई. जिवाचे हाल करून घेऊ नको. आमच्या नातवाला हेच दिलं, कसा गुटगुटीत आहे. तुझं दूध पुरून नाही राहिलं, दिसतच आहे."

प्रणाली रडू लागली. सगळं वाचलेलं, ऐकलेलं, वहीत लिहिलेलं त्या रडण्यात विरघळून गेलं. "द्या, मावशी. द्या तिला. माझ्याच्यानं होत नाही."

भूपेंद्र दारात उभा होता.  त्यानं आईकडे पाहिलं.

अंबाबाईंनी डबा हातात घेतला. फेकला नाही, मावशीला टोचूनही बोलल्या नाहीत. हळूच फळीवर ठेवला. "राहू द्या तिथं. पहिले पाहून तं घेऊ." मग प्रणालीजवळ बसल्या. "लाव तिले. मी पाहतो."

प्रणालीनं बाळ घेतलं. अंबाबाई वाकून पाहू लागल्या. "हे पाह्य. नुसतं टोक धरलं तिनं, म्हून दुखते. अन मान वाकडी आहे." त्यांनी प्रणालीच्या पाठीशी उशी दिली, बाळाचं पोट तिच्या पोटाला लावलं. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात घालून बाळाला अलगद सोडवलं. "आता थांब. घाई नोको करू. मोठं तोंड उघडू दे... अजून... हां, आता!"

पोरीचं रडणं थांबलं. मग सगळ्यांना तो आवाज ऐकू आला. गुट्. जरा थांबून पुन्हा, गुट्.

"दुखते?"

"नाही," प्रणाली चकित होऊन म्हणाली. "नाही दुखत आहे, आई!"

"गिळून राहिली," गायत्री मावशी कुजबुजली. ती बाळाच्या गळ्याकडे एकटक पाहत होती. "खरंच गिळून राहिली."

तरी भूपेंद्रनं सिस्टरांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लंगोट किती ओले झाले?"

हे कुणाच्याच ध्यानात नव्हतं. तेवढ्यात अंगणातून रघुनाथरावांचा आवाज आला. लंगोट धुऊन वाळत घालायचं काम त्यांनी कुणाला न विचारता आपल्याकडे घेतलं होतं. "काल दोन. आज सकाळपासून तीन. अन हे चौथं."

"मग चांगलं आहे," सिस्टर फोनवर म्हणाल्या. "पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा तरी व्हायला पाहिजे. उद्या सकाळी एकदा घेऊन या, वजन पाहू. पण पोर सुस्त वाटली, उठवूनही पीत नसली, तर उद्याची वाट पाहू नका, तसेच या."

दुसऱ्या दिवशी वजन थोडं उतरलेलं निघालं. सगळ्यांचंच उतरते, सिस्टर म्हणाल्या, दोन आठवड्यांत भरून येते. गायत्री मावशी एक दिवसासाठी आली होती, ती चार दिवस राहिली. तिनं मेथीची भाजी केली, प्रणालीला हातानं भरवलं, आणि जाताना डबा स्वतःच पिशवीत घातला. "दुकानदार वापस घेईल," ती म्हणाली. "नाही घेतला तर त्याला सांगीन, आधी आमच्या विहीणबाईला भेट."

दोन आठवडे झाले तेव्हा चौघं पोरीला घेऊन सौंसरला गेले. जन्मावेळी दोन किलो सातशे होती, चौथ्या दिवशी दोन पाचशे साठवर आली होती. काटा थरथरला आणि स्थिर झाला. दोन किलो नऊशे दहा. पोरीनं त्याच क्षणी काट्यावर शू केली. जयश्री सिस्टर खळखळून हसल्या. रघुनाथराव, ज्यांना मोठ्यानं हसताना भूपेंद्रनं क्वचितच पाहिलं होतं, गुडघ्यावर हात मारून हसले.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. मोठ्या मुश्किलीनं खिडकीजवळ एक जागा मिळाली, तिथं प्रणाली बसली. बस सुटायच्या आतच पोरीनं भोकाड पसरलं. प्रणाली इकडं तिकडं पाहू लागली. सगळीकडून माणसं रेटत होती. अंबाबाईंनी आपल्या अंगावरची शाल काढून सुनेच्या खांद्यावर पांघरली, आणि सीटसमोर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"जरा सरका बाप्पा तिकडं," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "लेकरू जेवून राहिलं."

माणसं सरकली. कुणीतरी आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. मागून एक म्हातारी म्हणाली, "जेऊ दे, जेऊ दे, पोटभर जेऊ दे." कंडक्टरनं शिट्टी हातातच धरली, शालीच्या दिशेनं एकदा पाहिलं, आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "हळू घे रे!"

बस हळू निघाली. शालीच्या आत पोरगी शांत झाली होती, आणि प्रणाली खिडकीबाहेर मागं पळणाऱ्या बगीच्यांकडे बघत हसत होती.